तिसरी बाटली

२ ऑगस्ट

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या बेकरीच्या पावाच्या गाडीवाल्या काकांनी हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या खिडकीत क्रेटवर ठेवलं होतं. पत्राला ताज्या पावाचा असा वास होता की आधी भूक लागली आणि मग मजकूर वाचला. फोनपेक्षा हे बरं. ड्युटीवर फोन पिशवीत बंद असतो, आणि संध्याकाळी आपण दोघी एकदम बोलतो आणि शेवटी कोणीतरी रडतं. बहुतेक तूच.

आता मुद्द्याचं. आईंना भेटायला यायचं नाही. रागावू नकोस, नीट वाच. औषधाने त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आणल्यात. म्हणजे घराचं दार काढून ठेवलंय आणि नवं बसायला अजून दोनतीन आठवडे आहेत. तोवर साधी सर्दीसुद्धा आत शिरली तर अडवणारं कोणी नाही. मग या साथीचं तर विचारूच नकोस. आईंच्या तोंडात फोड आलेत, बोलवत नाही. पण शुद्धीत आहेत, आणि माझ्यावर खुणांनी हुकूम सोडण्याइतक्या ठणठणीत आहेत.

तू म्हणशील, सुनेला दारावर बसवलंय तर मुलीला एवढंही नाही? म्हणूनच नाही. वॉर्डाच्या दारावर मी बसते. गुरुवारी तीन ते चार, एका पेशंटला एकच माणूस, तेही दहा मिनिटं. ताप बघते, प्रश्न विचारते आणि मग तीन बाटल्या हुंगायला देते. पहिलीत कॉफी, दुसरीत साबणाचा चुरा, तिसरी रिकामी! या साथीने ज्याचा वास गेलाय तो पहिल्या दोन्हींना काहीतरी ठोकून देतो आणि तिसरीलाही मान डोलावतो. परवा एक गृहस्थ रिकामी बाटली हुंगून म्हणाले, “वा, गुलाब.” त्यांना गुलाबासकट परत पाठवलं. नाक शाबूत असलेला माणूस म्हणतो, “बाई, यात काहीच नाही.” ही युक्ती माझी आहे बरं. मेट्रनबाई सगळ्यांदेखत शाबास म्हणाल्या. कुणाला सांगू नकोस, नाहीतर माझी बाटली फुकट जायची.

आईंच्या शेजारच्या खाटेवर एक शिंपीणबाई आहेत. स्वस्थ बसवत नाही म्हणून वॉर्डातल्या गाऊनचे तुटलेले बंद शिवतात. डॉक्टरांनी बोटात धातूचा अंगुस्ताना घालायच्या अटीवर सुई दिलीय. दिसतं कमी, म्हणून सुईत दोरा ओवायला मला हाक. त्यांना भेटायला कोणीच येत नाही. गुरुवारी तीन वाजले की केस विंचरून दाराकडे तोंड करून बसतात आणि चार वाजता आईंना म्हणतात, “आज रस्त्यात गर्दी असेल.”

तुझी वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

तू मला चार पानं नियम लिहिलेस. मी पाव भाजणारी बाई, मला कशाला पेशी शिकवतेस?

तुला एक सांगते, दादाला सांगू नकोस. शेवटची घरी आले होते तेव्हा आई दुपारी आडवी झाली होती. भांडी तशीच पडली होती. मी म्हटलं, “आई, तू सोंगं करायला लागलीस हं. म्हातारपणाची हौस लवकर आलीय तुला.” ती उठली आणि भांडी घासली. सगळी. मी दारात उभी राहून बघत होते. दीड महिन्याने रिपोर्ट आला. तेव्हा तिच्या अंगात रक्त नव्हतं गं, आणि मी तिच्याकडून कढई घासून घेतली.

मला दहा मिनिटंसुद्धा नकोत. दोन पुरे. “सोंग नव्हतं” एवढं म्हणायचंय. ती गेली आणि हे राहिलं, तर मी काय करू? तू दारावर आहेस. दुसऱ्या कुणी अडवलं असतं तर मी पाया पडले असते. तुझ्या पडून उपयोग नाही, तू खाली वाकून आधी माझा ताप बघशील.

चिंगी


७ ऑगस्ट

चिंगे,

कढईचं वाचून मीही रडले. पण उत्तर तेच.

तू एका खोलीत दहा जणांबरोबर पीठ मळतेस. गाडीत काकांच्या शेजारी बसून येणार. तुझ्यासाठी दार उघडलं तर गर्दीतून येतात म्हणून परत पाठवलेल्या बाकीच्या बावीस घरांना उद्या मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? आमच्या घरचं कोणीच आत जात नाही, तुझा दादासुद्धा नाही. मी दोन महिने होस्टेलवर राहतेय. लेक फोनवर विचारते, “आई, तू खरी कधी येणार?” तिलाही मी नियमच सांगते.

डॉक्टर म्हणतात, हे पंधरा दिवस निभावले तर आई तरतील. तुला जे म्हणायचंय ते चिठ्ठीत लिही, मी कानाशी वाचून दाखवीन. शिंपीणबाईंना ऐकू जाईल, पण त्या काय, तेवढीच त्यांना करमणूक.

तुझी वहिनी


११ ऑगस्ट

वहिनी,

तुझं बरोबर आहे. मी हट्ट सोडला. चिठ्ठी नको, अशा गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून बऱ्या वाटत नाहीत. आई घरी आली की सांगेन.

इकडचं विशेष म्हणजे काल माझ्या हातून अख्खी भट्टी करपली. एकशेवीस पाव कोळसा! मी समोर उभी, आणि मला पत्ताच नाही. गल्लीतला सायकलवाला धावत आला, “बाई, आग लागली का?” मालकांनी जे तोंड सोडलं ते लिहीत नाही. म्हणाले, नाक गहाण टाकलंय का. चार दिवस झोप नाही, दुसरं काय.

आईला सांभाळ. तू आहेस म्हणून मला काळजी नाही.

चिंगी


२२ ऑगस्ट

चिंगे,

हे पत्र पोस्टाने टाकतेय, कारण पावाची गाडी आठवडाभर आलेली नाही. कॅन्टीनवाला तिसऱ्याच बेकरीचे पाव आणतो, दगड नुसते.

आधी हे वाच: आई बऱ्या आहेत. दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. आता बाकीचं.

साथ वॉर्डात शिरली. १७ तारखेला शिंपीणबाईंना ताप भरला, १८ ला आणखी दोघींना. सगळ्यांची तपासणी केली. कर्मचाऱ्यांत लागण झालेली एकच निघाली. मी. मला ना ताप, ना खोकला. तरी निघाले. मला वरच्या मजल्यावर कोंडलंय, तिथून लिहितेय. शिंपीणबाई खाली प्राणवायूवर आहेत.

आता तुला सांगते, आणि हे तूही कुणाला सांगू नकोस. १२ तारखेला संध्याकाळी मी घरी गेले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा. लेकीचा वाढदिवस होता. एक रात्र, एवढंच. तिचं नाक वाहत होतं, मी तरी तिला कुशीत घेतलं. १३ ला, म्हणजे गुरुवारी, उशिरा आले. दारावर बदली बाई बसली होती. १४ पासून मी परत वॉर्डात. शिंपीणबाईंच्या सुईत दोरा ओवला, उशा सारख्या केल्या, आईंचं तोंड पुसलं.

कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तशी गत झाली. बावीस घरांना मी तोंडावर नाही म्हटलं. एका म्हाताऱ्याला त्याची बायको खिडकीतून दाखवली फक्त, आणि तो खाली मान घालून “बरोबर आहे बाई” म्हणून गेला. आणि मी केक खाऊन आले.

आई मधेच गंमत बोलतात. म्हणतात, “त्या दिवशी चिंगी येऊन गेली. मी झोपेत होते, पण मला ताज्या पावाचा वास आला.” औषधांनी असे भास होतात. मी हो म्हटलं. तेवढंच त्यांना बरं वाटतं.

तुझी वहिनी


२६ ऑगस्ट

वहिनी,

तू स्वतःला दोष देऊ नकोस. ऐक माझं, अजिबात देऊ नकोस. तुझ्यामुळे नाही झालं. हे रोग हवेतून येतात, कुठूनही येतात. डॉक्टर येतात, औषधाच्या गाड्या येतात. तूच का?

भट्टीची डागडुजी चालू आहे म्हणून बेकरी बंद आहे, गाडीही त्यामुळेच. मी घरीच आहे. थोडी कणकण होती, आता बरी आहे.

शिंपीणबाई कशा आहेत? बोलतात का? काही सांगितलं का त्यांनी? उलट टपाली कळव. मी रोज पोस्टमनची वाट बघतेय.

आईचं ते पावाच्या वासाचं मनावर घेऊ नकोस.

चिंगी


५ सप्टेंबर

चिंगे,

शिंपीणबाई ३१ तारखेला गेल्या. बाकी दोघी वाचल्या.

मी तोवर बरी होऊन खाली आले होते. शेवटच्या दिवशी काचेतून बघितलं. अंगुस्ताना बोटात तसाच होता, कुणाला काढायचं सुचलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र देवाने बरी केली. त्यांना शेवटी कोणीतरी भेटलं. १३ च्या रजिस्टरमध्ये नोंद आहे, “भाची”. बदली बाईला विचारलं, तर म्हणाली, हो, एक बाई आली होती, सगळी उत्तरं बरोबर दिली, तिसरी बाटलीसुद्धा बरोबर सांगितली. शिंपीणबाई नंतर तीन दिवस नुसत्या त्याच आनंदात होत्या. ताप भरेपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, “माझी भाची आली होती हो, गर्दीतून वाट काढून.” त्यांचा सुयांचा डबा माझ्याकडे आहे. भाचीला द्यायला हवा. रजिस्टरमधला फोन नंबर लागत नाही, पत्ता चुकीचा. मी तीन ठिकाणी विचारून आले. तुझी पावाची गाडी त्या बाजूने जाते, काकांना विचारशील का?

मी मेट्रनबाईंना लिहून दिलं. घरी गेले होते, लेक आजारी होती, संसर्ग माझ्याकडून आला. त्यांनी कागद वाचून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “कुणी मागितलं नव्हतं.” मी म्हटलं, मला द्यायचंच होतं. आता दारावरून काढून मला जिन्याखालच्या स्टोअरमध्ये टाकलंय. हातमोजे मोजते. महिनाअखेरीस राजीनामा देणार आहे. वीस वर्षं केलं हे काम. ज्या हाताने माणूस मारला त्या हाताने परत कुणाची उशी सारखी करायची नाही, असं ठरवलंय. तुझा दादा समजावतोय, पण तो नवरा आहे, तो समजावणारच.

तुझी वहिनी


९ सप्टेंबर

वहिनी,

राजीनामा देऊ नकोस. हे पत्र पूर्ण वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

भाची मी आहे.

१२ ला रात्रीच ठरवलं. काकांना सांगितलं, वहिनीने बोलावलंय. तू दारावर असतीस तर मी जिन्यातूनच परत फिरले असते, खरंच सांगते. पण वर आले तर दारावर दुसरीच बाई. आईचं नाव सांगितलं तर तुला कळेल, म्हणून म्हटलं, शिंपीणबाईंची भाची. तूच लिहिलं होतंस ना, त्यांना कोणी नाही. ताप नव्हता, गोळी घेऊन आले होते. कॉफी म्हटलं. साबण म्हटलं. तिसरी नाकाशी धरली आणि म्हटलं, “बाई, यात काहीच नाही.” तिन्हींत मला काहीच नव्हतं, वहिनी. भट्टी करपली त्या दिवसापासून नव्हतं. मी मनाला सांगत होते की सर्दी आहे, दमणूक आहे. पण मग गोळी कशाला घेतली? मला माहीत होतं. निम्मं माहीत होतं आणि निम्म्यावर मी पांघरूण घातलं होतं.

आई झोपली होती. उठवायचा धीर झाला नाही. तिचे केस गेलेत हे तू लिहिलं नव्हतंस. मी लांब उभी राहिले. तेवढ्यात शिंपीणबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “आलीस का गं?” त्यांना दिसत नव्हतं की त्यांनी मुद्दाम तसं केलं, हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हटलं, “आले मावशी, रस्त्यात गर्दी होती.” त्या हसल्या. मग सुई पुढे केली. दोरा ओवता येईना, टोक पसरलेलं. मी मास्क खाली ओढला आणि टोक ओठांत धरून ओलं केलं. भट्टीवर पिशव्या शिवताना रोज करते तसं, विचार न करता. त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओवून दिलं, मास्क गळ्यात तसाच. त्या बोलत होत्या, मी बोलत होते. दहा मिनिटं झाली तेव्हा बदली बाईने हाक मारली. आईला मी काहीच बोलले नाही. एवढ्यासाठी गेले आणि तेवढंच राहिलं.

१६ ला माझी तपासणी झाली. बेकरी बंद झाली ती माझ्यामुळे, डागडुजी वगैरे काही नव्हतं. तुझं २२ चं पत्र आलं तेव्हा मी त्याच दिवशी लिहायला हवं होतं. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले आणि मग तुला “दोष देऊ नकोस” म्हणून लिहिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती आणि चोर संन्याशाची समजूत काढत होता.

मला अजून वास येत नाही. मालकांनी भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलंय. हे पत्र मेट्रनबाईंना दाखव. पोलिसांना दाखव. दादाला दाखव. आईला मात्र तू नको सांगूस.

चिंगी


२० सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पहिले तीन दिवस मी तुला मनात जे बोलले ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. तुझ्या दादासमोर तुझं नाव काढलं नाही, हातमोजे मोजत बसले आणि दरवेळी आकडा चुकला.

चौथ्या दिवशी तुझी जुनी पत्रं काढली. ११ तारखेचं वाचलं. एकशेवीस पाव कोळसा झाले आणि मला पत्ताच नाही, असं तू लिहिलंयस. ते मला १२ ला दुपारी मिळालं होतं. कॅन्टीनमध्ये उभ्यानं वाचलं आणि मोठ्याने हसले, कॅन्टीनवाल्यालाही वाचून दाखवलं. दिवसभर लोकांना विचारते, वास येतो का, वास येतो का. तू न विचारता लिहून पाठवलंस आणि मी हसून पर्समध्ये ठेवलं. त्याच संध्याकाळी फोन केला असता तर? पण मला घरी जायची घाई होती. आणि भाचीला शोधत गावभर हिंडले, काखेत कळसा म्हणतात तो हा.

मग दोन्ही पत्रं घेऊन मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचली. चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला. “तिसरी बाटली रिकामी असते हे हिला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “मी.”

 मग म्हणाल्या, दारावर तू परत नाहीस. मी म्हटलं, तेवढ्यासाठी आले नव्हते. राजीनाम्याचं म्हणाल्या, तो घेणार नाही, स्टोअरला माणूस लागतं, आणि घरी बसून रडण्यापेक्षा इथे हातमोजे मोज. तुझं पत्र त्यांनी ठेवून घेतलंय. पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील. बोलावलं तर तुला यावं लागेल, आणि यायचंस.

मी डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, तुझ्याकडून गेलं की माझ्याकडून, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. तुझ्याकडूनच असावं असं मला वाटतं. पण वाटून काय होतं? तुझी सुटका नाही आणि माझीही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

माफ केलं असं लिहायला पेन उचललं होतं, खाली ठेवलं. ते माझ्या हातातलं नाही. ज्यांच्या हातात होतं त्या गेल्या, आणि त्या जाईपर्यंत भाचीचं कौतुक करत होत्या. ते ऐकून तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, वाईट वाटावं म्हणूनही नाही. झालं ते असं झालं.

गाडी परत सुरू झालीय, म्हणून काकांबरोबर डबा पाठवतेय. मेट्रनबाईंना विचारून. रजिस्टरमध्ये त्यांचं नातेवाईक म्हणून एकच नोंद आहे, आणि तिसऱ्या कुणाला द्यायला माझ्याकडे पत्ता नाही. त्यात कात्री आहे, अंगुस्ताना आहे, सात रिळं आहेत आणि एक गाऊन, ज्याचा बंद अर्धाच शिवलाय. सुई त्यातच टोचलेली आहे, दोऱ्यासकट. तो तू ओवलेला की मी, कोण जाणे. मी काढला नाही. बंद पुरा कर आणि गाऊन धुऊन परत पाठव, इथे गाऊन कमी पडतात.

आईंच्या पेशी चढतायत. फोड गेले, जीभ परत सुरू झाली, वॉर्डातल्या सगळ्यांचा उद्धार चालू आहे. अजून विचारतात, “त्या दिवशी पावाचा वास कुठून आला?” भास झाला, असं मी आता म्हणत नाही.  ते तुलाच सांगावं लागेल. कढईचंही.

गुरुवारी ये. आधी तपासणी करून ये, कागद बरोबर आण, आणि रजिस्टरमध्ये मुलगी म्हणून लिही. दारावर मी नसेन. बाटल्या आता पाच केल्यात, रोज जागा बदलतात, कुठली रिकामी ते मलाही माहीत नाही. वास येईल तो सांग. नाही आला तर नाही म्हण, आजारानंतरचं आहे म्हण, आणि त्यांनी परत जा म्हटलं तर गुपचूप परत फीर. मी जिन्याखाली स्टोअरच्या दारात उभी असेन.

तुझी वहिनी